बुलेटला व्हॅक्यूम इग्निशन बसवलं, त्याला आठ महिने झाले

गाडी 1994ची बुलेट 350, घरचीच. उजवीकडे गिअर, डावीकडे ब्रेक. निपाणीहून बेळगावला आठवड्यातून दोन फेऱ्या, अधूनमधून जांबोटीमार्गे चोर्ला घाट. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ठिणगी पाडणारे पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा एक डबा, तोही इंजिनची ओढ मोजणारा व्हॅक्यूम सेन्सर असलेला. बसवल्याबसवल्या लिहायचा मोह झाला होता, तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

जुन्या पद्धतीत काय होतं ते आधी. बुलेटचे पॉइंट सिलिंडरच्या मागे उजव्या अंगाला, गोल टोपीखाली. त्याच्या आत दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात, कॅम थोडा पुढे सरकतो आणि ठिणगी लवकर पडते. हा ऑटो ॲडव्हान्स. त्याला एकच गोष्ट कळते, इंजिन किती वेगात फिरतंय. तुम्ही रेस किती पिळलीय याचा त्याला पत्ताच नसतो.

आणि खरी गोम तिथेच आहे. उसाच्या हंगामात निपाणी-चिक्कोडी रस्त्यावर दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागे चाळिसाने जाताना रेस जेमतेम उघडी असते. सिलिंडरमध्ये माल (पेट्रोल-हवेचं मिश्रण) कमी शिरतो, तो विरळ असतो आणि विरळ माल हळू जळतो. त्याला ठिणगी लवकर हवी. तोच वेग ठेवून तवंदी घाट चढायला लागलो की रेस पूर्ण उघडी, माल ठासून भरलेला, तो भराभर जळतो. तिथे तेवढीच लवकर ठिणगी दिली तर इंजिन ठोकतं, म्हणजे आतून खडखडाट येतो. वजनं-स्प्रिंगांना या दोन्हींसाठी मधला मार्ग काढावा लागतो, आणि तो घाट सांभाळून काढलेला असतो. म्हणजे सपाटीवर आपण रोज थोडं पेट्रोल फुकट घालवतो.

व्हॅक्यूम ॲडव्हान्स ही उणीव भरून काढतो. रेस कमी उघडी असली की इनलेटमध्ये, म्हणजे माल आत शिरतो त्या वाटेत, ओढ (व्हॅक्यूम) जास्त. जुन्या ॲम्बेसिडरच्या किंवा मारुती 800च्या डिस्ट्रिब्युटरला चपट्या डबीसारखा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरकडे जाणारा बारीक पाइप असायचा, तो याचसाठी. ओढ आली की डायफ्रॅम आतली प्लेट फिरवतो आणि ठिणगी आणखी पुढे जाते. जुने मिस्त्री तो पाइप तोंडात धरून ओढायचे आणि पाइपचं टोक जिभेला चिकटून राहिलं की म्हणायचे, पडदा शाबूत आहे. मोटारसायकलींत यामाहाच्या 1978च्या एक्सएस 1100ला हे होतं. चार सिलिंडरच्या गाडीला ते सोपं जातं, कारण ओढ जवळजवळ सलग असते. आपल्या एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं, त्यामुळे पाइपमधली ओढ धडधडत येते.

पहिला महिना त्या धडधडीतच गेला. सेन्सरचा आकडा एका जागी थांबेना, टायमिंग नाचत राहिलं. शेवटी पाइपमध्ये कार्ब्युरेटरचा जुना पायलट जेट (बारीक भोकाचा स्क्रू) ठोकून बसवला, त्याच्या पुढे इंजेक्शनच्या बाटलीएवढी रिकामी डबी. आकडा स्थिरावला. आमचे मिस्त्रीमामा बघत उभे होते. ‘‘डब्यात हवा साठवून काय करायलास रे?’’ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तसाच जेट आणखी एक घेऊन आले.

बसवण्यातलं महत्त्वाचं एवढंच की जुनी वजनं पक्की जाम करायची. नाहीतर वजनं ठिणगी एकदा पुढे नेणार आणि इलेक्ट्रॉनिक डबा पुन्हा. पॉइंटच्या जागी बसणारी प्लेट बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर करून घेतली. बेळगाव जवळ असण्याचा हा फायदा, असलं काम सांगायला फार समजवावं लागत नाही. ती प्लेट इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या शाफ्टवर बसते, म्हणजे तिथली एक अंशाची चूक क्रँकवर दोन अंश होते, हे मात्र लेथवाल्याला दोनदा सांगितलं. त्या शाफ्टला फिरवणारे आयडलर गिअर झिजले असतील तर टायमिंग लाइटमध्ये (ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा) खूण थरथरते. त्यावर कुठल्याही डब्याचा इलाज चालत नाही.

आता माझी चूक. डब्यातला तक्ता, म्हणजे कुठल्या वेगाला आणि दाबाला ठिणगी किती अंश आधी, मी बेळगाव-निपाणी पट्ट्यातच जुळवला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. चावी फिरवून इंजिन बंद ठेवलं तर सेन्सर हवेचा दाब 93 किलोपास्कलच्या आसपास दाखवतो, म्हणजे पूर्ण रेस दिली तरी तक्त्यातल्या 93च्या वरच्या ओळींना आमच्याकडे कधी हात लागतच नाही. त्या आल्या तशा सोडून दिल्या. ऑगस्टमध्ये चोर्ला उतरून गोव्यात साखळीला गेलो. परत येताना घाटाच्या पायथ्याशी, मागे बायको आणि सामान, गाडी खडखडून ठोकायला लागली. खाली हवा दाट, सेन्सर 100 दाखवतो आणि त्या ओळीत ठिणगी नको तेवढी लवकर. रस्त्याच्या कडेला भिजत बसून सहा अंश कमी केले. जुना डायफ्रॅम बाहेरच्या हवेच्या आणि आतल्या ओढीच्या फरकावर चालतो, त्यामुळे पूर्ण रेसवर तो कुठेही गप्पच बसतो. नव्या सेन्सरला सगळं नेमकं कळतं, म्हणून त्याला नेमकं शिकवावंही लागतं.

पावसात आणखी एक घोळ झाला. सेन्सर मी बॅटरीजवळ, खाली लावला होता. पाइपात पेट्रोलमिश्रित पाणी साचलं आणि गाडी मंद झाली. सेन्सर टाकीखाली, इनलेटपेक्षा वर लावल्यावर प्रश्न मिटला. पुढे जानेवारीत सिलिंडरच्या उष्णतेने पाइपला चीर गेली. तेव्हा आयडल वाढलं, ॲव्हरेज पडलं, पण इंजिनाला इजा झाली नाही. ओढ नाही म्हणजे रेस पूर्ण उघडी असं डबा समजतो आणि ॲडव्हान्स कमी करतो. बिघाड झालाच तर असा झालेला बरा.

फायदा किती? माझ्या वहीत सपाटीवर 33चं ॲव्हरेज 37 झालंय. ताकद वाढली असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका, पूर्ण रेसवर गाडी होती तशीच आहे. फरक अर्ध्या रेसला कळतो. टॉप गिअरमध्ये पंचेचाळिसाला पूर्वी जी कुरकुर असायची ती गेली, आणि सायलेन्सरचा आवाज जरा कोरडा झालाय.

एक गोष्ट मात्र गेली, तिची भरपाई नाही. पॉइंटवर बुलेट सुरू करताना ॲमीटरचा काटा बघायचा. किक हळू दाबली की काटा डावीकडे पडतो, पॉइंट उघडले की मध्ये येतो, मग सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर ओढून किक थोडी पुढे आणि मग मनापासून एकच किक. आता डबा इंजिन थांबलेलं असताना कॉइलला वीज देतच नाही, काटा हलत नाही. बाबा अजून बसले की काटा बघतात आणि म्हणतात, ‘‘बॅटरी बसली बघ तुझी.’’ पॉइंटचं टायमिंगही ते विडीच्या बंडलावरचा पातळ कागद फटीत धरून लावायचे, पिस्टन वरच्या टोकाच्या 0.8 मिलिमीटर आधी असताना कागद सुटला पाहिजे. मला टायमिंग लाइट लागतो.

सगळं मिळून चौदा हजारांच्या आत गेले. तेवढ्यात दोन चांगले टायर आले असते. गाडी फक्त रविवारी गावात फिरवणार असाल तर त्या स्प्रिंगा बदला आणि पॉइंट घासा, पुरे. रोज सपाटीवर पळवणार असाल तर घ्या. आणि पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे जाणार असाल तर डिकीत अर्धा मीटर जादा व्हॅक्यूम पाइप टाका. कणकुंबीत चहा मिळतो, तो पाइप मिळत नाही.