एडी८१३८ डिफरेन्शियल अ‍ॅम्प्लिफायर : १२ बिटांच्या एडीसीपुढे बसवून पाहताना

अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसचा एडी८१३८ बाजारात येऊन वीसहून अधिक वर्षे झाली, तरी वेगवान एडीसीला (संकेताचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपला) संकेत पुरवण्याच्या कामासाठी तो आजही सुचवला जातो. मी तो त्याच कंपनीच्या एडी९२३५ या १२ बिटांच्या, सेकंदाला साडेसहा कोटी नमुने घेणाऱ्या एडीसीपुढे बसवून पाहिला. माझा संकेत ग्राउंडच्या संदर्भाने येणारा, सिंगल-एंडेड म्हणजे एकाच तारेवरचा आणि डीसीपासून (न बदलणाऱ्या व्होल्टेजपासून) साधारण १० मेगाहर्ट्झपर्यंतचा आहे. एडीसीला मात्र डिफरेन्शियल, म्हणजे दोन तारांमधल्या फरकाच्या रूपातला संकेत लागतो. हे रूपांतर करणारा ट्रान्सफॉर्मर आवाजाची (नको असलेल्या विद्युत गोंगाटाची) भर जवळजवळ घालत नाही आणि वीजही खात नाही, पण डीसी त्यातून पलीकडे जात नाही. त्यामुळे तो पर्याय पहिल्याच पायरीवर गळाला.

या अ‍ॅम्प्लिफायरचे मुख्य काम एका तारेवरच्या संकेताच्या परस्परविरुद्ध दिशेने हलणाऱ्या दोन प्रती करणे हे आहे. एडीसीला २ व्होल्ट पीक-टू-पीक डिफरेन्शियल संकेत द्यायचा असेल, तर प्रत्येक आउटपुटला केवळ १ व्होल्ट हलावे लागते, आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर सम हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या सम पटीत उमटणारे नको असलेले घटक) बऱ्याच अंशी एकमेकांना छेदतात. डेटाशीटमध्ये ५ मेगाहर्ट्झला विकृती (अशा हार्मोनिकांची पातळी) मूळ संकेतापेक्षा ९४ डेसिबलने खाली असल्याचे म्हटले आहे. माझ्या सिग्नल जनरेटरचे स्वतःचेच हार्मोनिक याहून कितीतरी मोठे असल्याने, मधे बँडपास फिल्टर घातल्याशिवाय हा आकडा पडताळून पाहण्याचा प्रयत्न करण्यातसुद्धा अर्थ नव्हता. फिल्टर घातल्यावर मात्र १० मेगाहर्ट्झपर्यंत मर्यादा एडीसीचीच दिसली, अ‍ॅम्प्लिफायरची नव्हे.

आवाजाच्या बाबतीत इतके सरळ उत्तर मिळत नाही. ३२० मेगाहर्ट्झ बँडविड्थ (चिप पुढे जाऊ देते तो वारंवारतेचा पट्टा) हे या चिपचे भूषण मानले जाते, पण १० मेगाहर्ट्झच्या संकेतासाठी ती उघडी सोडली तर तीच अंगाशी येते. इनपुटचा आवाज ५ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ आहे. संकेताचा गेन (वाढीचे प्रमाण) १ असला तरी या आवाजाला मिळणारा गेन २ असतो, आणि ४९९ ओहमच्या चार रेझिस्टरांचा आवाज त्यात मिळवला की आउटपुटवर साडेअकराच्या आसपास नॅनोव्होल्ट येतात. पूर्ण बँडविड्थवर त्याची बेरीज सुमारे २६० मायक्रोव्होल्ट होते. एडी९२३५चे सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर ७० डेसिबल धरले, तर त्याचा स्वतःचा आवाज २२५ मायक्रोव्होल्टच्या आसपास येतो. म्हणजे आउटपुटला फिल्टर न लावता जोडणी केली, तर पाहुणा यजमानापेक्षा मोठ्याने बोलू लागतो आणि साडेतीन डेसिबलहून अधिक पाणी सोडावे लागते. प्रत्येक आउटपुटला ३३ ओहमचा रेझिस्टर आणि दोन तारांमध्ये ८२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून बँडविड्थ ३० मेगाहर्ट्झवर आणली, तेव्हा हाच तोटा अर्ध्या डेसिबलपर्यंत घसरला. नमुना घेताना एडीसीच्या आतला स्विच जो चार्जचा झटका बाहेर फेकतो, तो झेलण्याचे कामही हाच कपॅसिटर करतो. या जोडणीत सर्वांत जास्त मोबदला देणारे भाग हे तीनच आहेत, आणि आकृतीत ते इतके किरकोळ दिसतात की वेळ कमी असला की पहिली काट त्यांच्यावरच मारली जाते.

रेझिस्टरांच्या निवडीत एक खाचखळगा आहे. साध्या इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायरच्या सवयीने इनपुट इम्पीडन्स (स्रोताला जाणवणारा रोध) ४९९ ओहम धरला जातो. येथे मात्र इनपुटचे नोड संकेतासोबत थोडे हलत असल्याने तो सुमारे ६६५ ओहम भरतो. ५० ओहमच्या स्रोताला जुळवण्यासाठी त्यामुळे ५४ ओहमच्या जवळपासचा टर्मिनेशन रेझिस्टर लागतो, आणि या बाजूला वाढलेला स्रोताचा रोध दुसऱ्या बाजूलाही द्यावा लागत असल्याने तेथे ४९९ऐवजी ५२३ ओहम येतात. ही भरपाई विसरली की दोन बाजूंचे फीडबॅकचे प्रमाण बिघडते आणि कॉमन-मोडचा, म्हणजे दोन्ही तारांवर सारखाच असलेला, आवाज डिफरेन्शियल संकेतात शिरतो. सुरुवातीला मी एक टक्क्याचे रेझिस्टर वापरले होते. पुढच्या बोर्डवर ०.१ टक्क्याचे घेतले, आणि ते पहिल्यापासून घ्यायला हवे होते असे आता वाटते.

दुसरी चूक सर्वस्वी माझी होती. आउटपुटची मधली पातळी ठरवणारी व्हीओसीएम ही पिन मी मोकळी ठेवली. तशा वेळी चिप स्वतःच पुरवठ्याचा मध्य निवडते, आणि माझा पुरवठा अधिक-उणे ५ व्होल्टचा असल्याने तो मध्य शून्यावर आला. एडीसीला १.५ व्होल्ट हवे होते. त्याच्या प्रत्येक इनपुटवरची अर्धी लहर ग्राउंडखाली गेली. तो जळला नाही, याचे श्रेय मी त्या ३३ ओहमच्या रेझिस्टरांना देतो. आता ही पातळी एडीसीच्याच पुरवठ्यातून घेतली आहे आणि पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. तरीही अधिक-उणे ५ व्होल्टवर चालणारा हा अ‍ॅम्प्लिफायर ३ व्होल्टच्या एडीसीला केव्हाही मर्यादेबाहेर ढकलू शकतो, त्यामुळे इनपुट कुठवर वाढेल याची खात्री नसल्यास व्होल्टेज मर्यादेत अडवणारे क्लॅम्प डायोड लावावेत.

मांडणीच्या दृष्टीने आठ पायांचे हे पॅकेज सोयीचे आहे. प्रत्येक इनपुट आणि त्याला फीडबॅक देणारे आउटपुट एकाच बाजूला असल्याने तारा एकमेकींना ओलांडत नाहीत. इनपुट पिनांखालचा ग्राउंड प्लेन (ग्राउंडचा तांब्याचा थर) मात्र कापून काढावा. तेथे साचणारी थोडीशी कपॅसिटन्सही या वेगाला स्थिरता बिघडवते.

२० मेगाहर्ट्झपर्यंत आणि डीसीसह काम असेल, तर मी हीच चिप पुन्हा घेईन. ७० मेगाहर्ट्झच्या आयएफसाठी (रेडिओ रिसीव्हरमधल्या मधल्या वारंवारतेसाठी) मात्र घेणार नाही, कारण तेथे तिची विकृती जेमतेम साठ डेसिबल खाली उरते आणि १२ बिटांचा एडीसी त्यापुढे वाया जातो. तेथे डीसीची गरज नसेल तर ट्रान्सफॉर्मर, आणि असेल तर नव्या पिढीतला अधिक वेगवान अ‍ॅम्प्लिफायर पाहावा.