बायकोला विचारायचं, नवऱ्याला की दोघांना?

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, निपाणी, अथणीकडं छोटा सर्व्हे काढायचा आणि प्रश्न कुटुंबनियोजनाचे, संबंधांचे. मग पहिला पेच हाच की घरात बोलायचं कुणाशी?

एकट्या बायकोला विचारणं सगळ्यांत स्वस्त. एक फेरी, एक फॉर्म, आशाताई सोबत असल्या की दार उघडतं. नसबंदीच्या ऑपरेशनची माहिती काढायची असेल तर एवढं पुरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांत 37.9 टक्के जणींची नसबंदी झालेली होती, पुरुष नसबंदी अवघी 0.3 टक्के. कर्नाटकात तर स्त्रियांचा आकडा निम्म्याच्याही वर. एवढी मोठी गोष्ट नवरा-बायको सहसा वेगवेगळी सांगत नाहीत.

फक्त शब्द सांभाळा. "काय वापरता का?" म्हटलं की "काय नाही ओ" असंच येतं, कारण वापरायची ती वस्तू: तांबी, गोळ्या, निरोध. ऑपरेशन 'झालेलं' असतं. आमच्या पहिल्या सर्व्हेत नवऱ्याचं 'हो' आणि बायकोचं 'नाही' असे कितीतरी फॉर्म आले. आम्ही त्यांच्यातली विसंगती शोधत बसलो, खोट आमच्या प्रश्नात होती.

दोघांना एकत्र बसवायचं? वेळ वाचतो, उत्तरं शंभर टक्के जुळतात, आणि ती जुळणी कवडीमोलाची. बोलतो नवरा, ती मान हलवते, आतून सासू ऐकत असते. मुलं किती, धाकटं केवढं, एवढंच असं विचारावं.

माझा कौल दोघांना वेगवेगळं विचारण्याला. खर्च जवळजवळ दुप्पट झाला तरी. बाईशी बाईनं बोलावं, पुरुषाशी पुरुषानं, आणि शक्यतो एकाच वेळी. निपाणीकडं दुपारी बायका घरी विड्या वळत बसलेल्या भेटतात, पुरुष संध्याकाळी. मधल्या चहात दोघांचं बोलणं होतं आणि दुसरं उत्तर पाठ होऊन येतं. बायको कन्नड माहेरची असेल तर तिला कन्नडमध्येच विचारा.

आता न जुळणारी उत्तरं. निरोधाबाबत पुरुष जास्त 'हो' म्हणतात, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. उलट 'अंतरा' हे पाळणा लांबवायचं सरकारी इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, घरात गोळ्यांसारखं काही दिसत नाही; ती 'हो' म्हणेल, त्याला पत्ताच नसेल. दोघंही खरंच बोलतायत.

संबंध किती वेळा, यात गोंधळ 'महिन्या'चा. ती पाळी ते पाळी मोजते, तो पगार ते पगार, शेतकरी असेल तर अमावास्येपासून. नवरा फौजेत असला तर त्याचा महिना म्हणजे सुट्टी. म्हणून 'महिन्यात किती' सोडून 'शेवटचं कधी' विचारा आणि बाजाराचा वार किंवा सण धरून मागं जा.

जुळणी मोजताना नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. समजा 100 जोडप्यांत निरोधाला दोघं 'हो' 4, फक्त बायको 3, फक्त नवरा 9, दोघं 'नाही' 84. जुळणी 88 टक्के, ऐकायला झकास. पण बहुतेक जण 'नाही'च म्हणणार असतील तर योगायोगानंही सुमारे 82 टक्के जुळतातच. तो वाटा वजा करणारं जुळणीचं माप, कोहेनचा 'कप्पा' (kappa, 1960), काढलं की हातात येतात 0.34; 1 म्हणजे पूर्ण जुळणी, 0 म्हणजे नुसता योगायोग. ऑपरेशनला टक्के आणि कप्पा दोन्ही चांगले येतील, तिथं डोकं खाजवू नका.

पैसे कमीच असतील तर सगळ्या बायकांना विचारा आणि दर पाचव्या-सहाव्या घरात नवऱ्यालाही. मोठ्या सर्वेक्षणातही पुरुषांना निवडक घरांतच विचारतात. दोन्ही फॉर्म एका पिनेत लावू नका, नावाऐवजी नंबर घाला. "तिनं काय सांगितलं ओ?" असं उंबऱ्यावर कुणीतरी विचारतोच. "आमच्याकडं नंबर असतो, नाव नसतं दादा," म्हणायचं आणि पुढच्या घराकडं वळायचं.