फोर्टमधल्या हस्ताक्षर तज्ज्ञांकडे आत्याची सही तपासून घेतली : पाचपैकी चार तारे

माझी आत्या २०२३ मध्ये गेली. लग्न केलं नव्हतं, शाळेत शिक्षिका होती, मुलुंडचा फ्लॅट तिच्या स्वतःच्या पैशांचा. दिवसकार्य होऊन महिना झाला नाही तोच चुलतभावाने मृत्युपत्र पुढे केलं. त्यावर तारीख २०२१ ची, आणि फ्लॅट त्याला एकट्याला. बाबा तिचे सख्खे भाऊ, वय ७६. सही बघून म्हणाले, "ही ताईची सही नाही."

घाईघाईत आम्ही आधी भलत्याच माणसाकडे गेलो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून दोन दिवसांत "सही बनावट" असा कागद देणारा. ५,००० रुपये गेले आणि वकीलबाईंनी तो कागद फाइलला लावायलाही नकार दिला. मग त्यांनीच फोर्टमधल्या या तज्ज्ञांकडे पाठवलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी झेरॉक्स परत केली. झेरॉक्सवर पेनाचा दाब कळत नाही, हात कुठे थबकला तेही नीट दिसत नाही, म्हणाले. मूळ मृत्युपत्र प्रोबेटच्या, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याच्या, अर्जासोबत हायकोर्टात जमा होतं. कोर्टाची परवानगी काढल्यावर ते स्वतः तिथे येऊन मायक्रोस्कोपखाली फोटो घेऊन गेले.

दुसरी मागणी मान्य सह्यांची, म्हणजे ज्यांच्याबद्दल कुणाचाच वाद नाही अशा, आणि त्याच काळातल्या. बाबांनी १९८८ ची एक जपून ठेवलेली पावती नेली होती. ती त्यांनी हळुवारपणे बाजूला ठेवली. आत्याला २०१९ पासून कंपवात होता, त्यामुळे त्यानंतरच्याच सह्या हव्या होत्या. सोसायटीच्या सभांच्या हजेरीवहीत सहा मिळाल्या. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यांवरच्या सह्या मात्र बँकेने कोर्टाचं समन्स गेल्याशिवाय दिल्या नाहीत. त्यात चार महिने गेले. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर हे काम आजच सुरू करा.

मग त्यांनी आम्हाला स्क्रीनसमोर बसवलं. आत्या मराठीत सही करायची आणि शिरोरेघ शेवटी, एका दमात ओढायची. हात थरथरायला लागल्यावर रेघ वाकडीतिकडी झाली, पण पेन उचललेलं नाही. मृत्युपत्रावरची शिरोरेघ सरळ, गुळगुळीत, आणि तीन तुकड्यांत जोडलेली. आडनावातल्या 'ळ'च्या वळणात पेन मध्येच थांबलंय, तिथे शाईचा ठिपका. बाबा खुर्ची पुढे ओढून त्या रेघेवर बोट ठेवून बराच वेळ बसले. कुणी त्यांना घाई केली नाही.

मला सगळ्यात पटला तो त्यांचा प्रामाणिकपणा. शाई २०२१ चीच आहे का, असं मी विचारलं, तर तसं खात्रीने सांगता येणार नाही म्हणाले. अहवालात प्रत्येक मुद्द्याचं कारण आणि शेजारी मोठा केलेला फोटो आहे. हे तज्ज्ञाचं मत आहे, कोर्टावर ते बंधनकारक नाही, हेही त्यांनीच आधी बजावलं. वकीलबाईंनी पुढचं समजावलं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्र सिद्ध करणं आणि त्याभोवतीचा संशय दूर करणं हे काम ते पुढे आणणाऱ्याचं, असं सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्ये व्यंकटचल अय्यंगार खटल्यात सांगितलंय. पण सही बनावट आहे असा आरोप आपण केला, तर पुरावाही आपणच द्यायचा. हा अहवाल आम्हाला त्यासाठी हवा होता.

एक तारा कापला तो उशिरासाठी. तीन आठवडे सांगून सात लावले आणि आमची एक तारीख फुकट गेली. फी ३०,००० अधिक जीएसटी, साक्षीला कोर्टात येण्याचे पैसे वेगळे. हे पहिल्या दिवशीच लेखी घ्या, आम्हाला नंतर कळलं. अहवाल सगळा इंग्रजीत होता. बाबांसाठी विचारलं तेव्हा त्यांनी दोन पानं मराठीत लिहून दिली, जादा पैसे न घेता.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. वयस्कर माणूस बरोबर असेल तर आधी फोन करून सांगा. बाबा येणार म्हटल्यावर त्यांच्या मदतनिसाने जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची आणून ठेवली होती.