येऊरच्या पाड्यावर रानभाज्यांचं जेवण: आधी बांधावर फिरा, मग ताटावर बसा

ठाण्यात चांगल्या रानभाज्या कुठे खायला मिळतात असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. येऊरला पाड्यावरच्या वारली आणि ठाकर बायकांचा एक बचत गट आहे, पावसाळ्यात रविवारी आधी फोन करून ठेवला तर सकाळी शेताच्या बांधांवरून फिरवतात आणि दुपारी जेवायला वाढतात. पाड्याचं नाव उघड टाकत नाही, एकदम गर्दी नको असं त्यांनीच सांगितलंय. ज्याला खरंच जायचंय त्याने मला विचारा.

फिरवायला एक आजी असतात आणि सोबत पाड्यातलीच शाळेत जाणारी पोरं. पोरं पान बघून नाव सांगतात, चुकलं की आजी थांबवतात, वास घ्यायला लावतात, मग परत विचारतात. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा, भारंगीची पानं उकळून ते कडू पाणी फेकून द्यायचं, शेवळं काढताना खालच्या कंदाला हात लावायचा नाही कारण पुढच्या वर्षी तिथूनच येणार. हे सगळं आपल्यासाठी चाललंय असं वाटतं पण तसं नाहीये, शनिवारी पाहुणे नसतात तेव्हाही आजी पोरांना असंच घेऊन फिरतात, आपल्या पैशातला काही भाग त्या पोरांच्या खाऊला जातो आणि तो खाऊ म्हणजे नाचणीची भाकरी आणि त्या दिवशी खुडलेली भाजी. मला ही सगळी गोष्ट आवडली ती यामुळेच. पाड्यावरच्या दुकानातही आता पाच रुपयाच्या वेफर्सच्या माळा लटकलेल्या असतात, आईबाप कामाला ठाण्यात उतरतात, मग पोरांना बांधावरची भाजी ओळखायला शिकवणार कोण?

आणि ही भाजीभाकरी काही कमी दर्जाचं खाणं नाही हो. 100 ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात 10 सुद्धा नसतं. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळायचं, हे तिथली सातवीतली मुलगी मला समजावून सांगत होती. शहापूरकडे आदिवासी पाड्यांवर 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि बाळंतिणींना एक वेळचं चौरस जेवण मिळतं, माझं तर मत आहे की त्या ताटात हंगामात या भाज्या यायलाच हव्यात. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरेंना गावरान बियाणं जपण्यासाठी 2020 ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं, तसंच जपणारी माणसं ठाणे स्टेशनपासून बसच्या अंतरावर आहेत.

आता जेवण. लसूण आणि ओलं खोबरं घातलेला टाकळा, कुर्डूची सुकी भाजी, कंटोळ्याच्या काचऱ्या, तांदळाची आणि नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, भात आणि कुळथाचं कढण. कंटोळी जांभळी नाक्याच्या मार्केटातली नेहमी खाते पण ही ताजी, करकरीत, बिया कोवळ्या. भारंगी थोडी कडसर लागते, लहान मुलं नाक मुरडतील, पण कुळथाच्या कढणाबरोबर खाऊन बघा. चटणी जबरदस्त तिखट आहे, आधीच सांगून ठेवा. पैसे साध्या हॉटेलातल्या थाळीपेक्षा थोडे जास्त, फिरवण्यासकट, त्यामुळे महाग अजिबात म्हणणार नाही.

कमी काय वाटलं ते पण सांगते. हात धुवायला एकच पिंप आहे, दहा माणसं झाली की खोळंबा होतो, आणि वयस्कर लोकांना खाली बसायला त्रास होतो, दोन बाकडी टाकली तर बरं. संजय गांधी नॅशनल पार्कच्या हद्दीतलं काही तोडू देत नाहीत, हट्ट करू नका, बरोबरच आहे ते. फोटो काढायचा तर आधी विचारा, पोरांचे तर नकोच.

ठाणे स्टेशनवरून येऊरची टीएमटी बस मिळते, पण कमी असतात, वेळ बघून निघा. बांध निसरडे असतात, चप्पल नको. फक्त जेवायला येतो म्हणाल तरी वाढतील, पण प्लीज सकाळीच जा. आणि शेवळं खायची असतील तर ती पहिल्या पावसाचीच, नीट शिजवली नाहीत तर घशाला खाजतात म्हणून तिथल्या बायका काकड नावाच्या रानझाडाची फळं घालून करतात. यंदाची संपली, पुढच्या वर्षी मे संपता संपताच फोन करून ठेवा.