इंडियाना जोन्सची हॅट म्हणून मला लोकरीची टोपी विकली

लंडनजवळ राहायला आल्यापासून एक हौस होती: ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये इंडियाना जोन्स झालेला हॅरिसन फोर्ड घालतो तशी फेडोरा, म्हणजे रुंद कडेची, माथ्याला खोबण असलेली फेल्टची हॅट. (फेल्ट म्हणजे केस किंवा लोकर दाबून केलेलं जाड कापड.) १९८१च्या त्या चित्रपटासाठी वेशभूषाकार डेबोरा नाडूलमन यांनी ती लंडनच्याच हर्बर्ट जॉन्सन या दुकानातून घेतली होती, ‘पोएट’ नावाचं मॉडेल. गेल्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘त्याच साच्यावरची, सशाच्या केसांच्या फेल्टची, पडद्यावरच्याच आकारात’ अशी हॅट विकायला काढली. मी ३४० पौंड भरले. त्या दुकानाचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, विक्रेत्याने फक्त नाव वापरलं.

डबा उघडला तेव्हा मी हरखलो होतो. माथ्यावर मधोमध खोबण, पुढे दोन्ही बाजूंनी दाबून पाडलेला चिमटा, कड कपाळावर झुकलेली. चिमटा जरा सैल करावा म्हणून बोटं लावली, तर तो पुठ्ठ्यासारखा ताठ. मी तिथेच थांबायला हवं होतं, कारण पडद्यावरची ती हॅट कधी ताठ नव्हतीच. नाडूलमन यांनी ती मुद्दाम चुरगाळली, तिच्यावर बसल्या, मुलतानी माती चोळून ती जुनी केली. नायक ती पकडतो, झटकतो, पुन्हा डोक्यावर दाबतो. म्हणून चिमटा एका प्रसंगात घट्ट दिसतो, दुसऱ्यात मोकळा. याच मालिकेतल्या १९८४ आणि १९८९च्या चित्रपटांतल्या हॅटही हुबेहूब तशा नाहीत. ‘पडद्यावरचा अचूक आकार’ असं कुणी एकच काहीतरी दाखवून विकत असेल, तर त्याला आधी विचारा, कुठल्या चित्रपटातला?

दोन आठवड्यांनी पाऊस लागला. साधा पाऊस, वीस मिनिटांचा. घरी येईपर्यंत कड लाटांसारखी वाकडी झाली. सुकल्यावर माथा वर निमुळता होऊन शंकूसारखा दिसू लागला, आणि ५९ सेंटीमीटर मापाची हॅट कपाळाला रुतायला लागली.

हॅट दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “लोकर.” सशाच्या किंवा बीव्हर या प्राण्याच्या केसांचा फेल्ट पातळ असूनही घट्ट असतो. वाफ दिली की हवा तसा वळतो आणि पाऊस बराच सोसतो. लोकरीच्या स्वस्त फेल्टला खळ देऊन ताठ करतात, फोटोपुरता तो आकार धरतो. भिजला की खळ सुटते आणि लोकर आटते. आतली चामड्याची पट्टी त्यांनी उलटून दाखवली, शिवलेली नव्हती, डिंकाने चिकटवलेली होती. कडेचंही तेच. चित्रपटातल्या हॅटची कड बाजूंना अरुंद आणि पुढे-मागे रुंद कापलेली आहे. माझी चारही बाजूंनी सारखी होती. मोजपट्टी लावली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, आणि ही गोष्ट मला अजून लागते.

तेव्हा घेण्याआधी उलटलेल्या चामडी पट्टीचा, बाजूने आणि समोरून कडेच्या मापाचा, आणि शक्य असेल तर खोबण न पाडलेल्या माथ्याचा फोटो मागा. मी मागितला तेव्हा ‘आकार बिघडेल’ असं उत्तर आलं होतं. चांगल्या फेल्टचा आकार पुन्हा घालता येतो.

पैशांचं मात्र नीट ऐका. सवलतीच्या आमिषाने विक्रेत्याने थेट बँकेत पैसे भरायला लावले. ब्रिटनमध्ये १०० पौंडांवरची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली, तर १९७४च्या ग्राहक पतकायद्यानुसार कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं. माझ्याकडे ती वाटच उरली नव्हती. तक्रार केल्यावर त्याचं खातं बंद झालं.

परवा तेच फोटो मला दुसऱ्या नावाने पुन्हा दिसले: राखाडी मेजपोशावर ठेवलेली हॅट, मागे पितळी दिवा, किंमत आता ३९५ पौंड.