सिरप, न कुटायची गोळी आणि पाण्यात विरघळणारी गोळी: आमच्या चिऊची तीन औषधं

माझ्या बहिणीची मुलगी माझ्याजवळ वाढते आहे. तिला जन्मापासून एचआयव्हीची लागण आहे. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी 2019 पासून तिची रोजची औषधं मीच देते. इथे तिला चिऊ म्हणते. ज्यांच्या घरी असंच लहान पोर आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टर मात्रा नीट समजावतात, पण संध्याकाळी सात वाजता तोंड घट्ट मिटून बसलेल्या पोरीचं काय करायचं, ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

पहिलं औषध लोपिनाविर-रिटोनाविरचं सिरप. तेव्हा ती पाच महिन्यांची होती. औषध ताकदीचं, यात शंका नाही. आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या तीन वर्षांखालच्या मुलांवरचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात नेविरापिन हे दुसरं औषध घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे 41 मुलांचे उपचार फसले किंवा थांबवावे लागले. लोपिनाविर घेणाऱ्यांत हा आकडा 19 होता. म्हणून आम्हीही डोळे मिटून ते चालू केलं.

पण त्याची चव! एकदा मी बोटाला लावून चाटलं. कडूजहर, आणि वर स्पिरिटचा भपका. त्यात जवळजवळ 42 टक्के अल्कोहोल असतं हे नंतर कळलं. हे दिवसातून दोनदा, सिरिंजने, गालाच्या आतल्या बाजूला. सुरुवातीला दिलेलं निम्म्या वेळा माझ्याच साडीवर यायचं. ती खायला लागल्यावर माझ्या आईने एक युक्ती काढली. आधी फ्रिजमधलं गार दही जिभेवर, मग औषध, आणि लगेच तूप-गूळ. उलट्या कमी झाल्या, रडणं राहिलं. शिवाय बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची. बडोद्याच्या मे महिन्यात वीज गेली की माझा जीव त्या बाटलीत अडकायचा. पुण्याला लग्नाला गेलो तेव्हा थर्मासमध्ये बर्फ भरून नेली होती, आणि गाडीत मला झोप लागली नाही. 2017 साली देशात या सिरपचा तुटवडा झाला होता आणि लागण असलेल्या मुलांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं, हे वाचल्यापासून बाटली अर्ध्यावर आली की मी औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात जाऊन उभी राहायचे.

दोन वर्षांची झाल्यावर तेच औषध लहान गोळीच्या रूपात मिळालं. वाटलं, सुटलो. चिऊला गोळी गिळता येईना, म्हणून मी ती खलबत्त्यात कुटून मधातून द्यायला लागले. गोळी अख्खीच गिळायची असते, हे औषध देणाऱ्या खिडकीवर मला कुणी सांगितलं नव्हतं. ही गोळी कुटली की औषध अंगाला जवळजवळ निम्मंच लागतं. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, वाढलेला आला, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, गोळी देता कशी?" खलबत्त्याचं सांगितलं आणि तिथेच रडले. हे वाचणाऱ्या प्रत्येकीला हात जोडून सांगते: गोळी फोडायची, कुटायची की विरघळवायची, हे दर वेळी विचारून घ्या.

2022 मध्ये डोल्युटेग्राविर या नव्या औषधाची 10 मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी गोळी आली, आणि आमच्या घरातली संध्याकाळच बदलली. तेव्हा तिचं वजन 13 किलो होतं, म्हणून दोन गोळ्या. 14 किलोच्या पुढे अडीच. मधोमध रेघ असते, अर्धी सरळ मोडता येते. चांदीच्या लहान वाटीत दोन चमचे पाणी, त्यात डोल्युटेग्राविर आणि सोबतची अबाकाविर-लॅमिवुडिन या दोन औषधांची गोळी. हलवायचं आणि लगेच पाजायचं. तळाशी थोडं राहतंच; पुन्हा चमचाभर पाणी घालून तेही पाजायचं. वास स्ट्रॉबेरीचा. दिवसातून एकदाच, आणि फ्रिज नको. पहिल्या दिवशी चिऊने वाटी चाटली आणि आई देवघरात जाऊन बसली.

गुणही चांगला. ओडिसी नावाच्या अभ्यासात 14 किलोच्या वरची 707 मुलं होती. 96 आठवड्यांत डोल्युटेग्राविरवर 14 टक्के मुलांचे उपचार फसले, जुन्या औषधांवर 22 टक्के. त्याहून लहान मुलांत 28 विरुद्ध 48. चिऊचा व्हायरल लोड सात महिन्यांत खाली आला आणि तेव्हापासून खालीच आहे.

त्रास झालाच नाही असं नाही. सुरुवातीला रात्री दोन-दोनदा उठायची, म्हणून विचारून वेळ सकाळची केली. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. उपाशीपोटी दोन्ही एकत्र दिली तर डोल्युटेग्राविर नीट लागत नाही. क्षयाची औषधं चालू असतील तर मात्राच बदलते. आणि मोठ्यांची 50 मिलिग्रॅमची गोळी मोडून हिशेब जुळवायला जाऊ नका. दोन्ही गोळ्यांतले मिलिग्रॅम सारखे धरता येत नाहीत. विरघळणारी 30 म्हणजे मोठ्यांची जवळजवळ 50.

सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, हे सगळं फुकट मिळतं. आज कुणी मला सिरपकडे परत जा म्हटलं तर मी भांडेन.

चिऊ आता 19 किलो 400 ग्रॅम आहे. 20 किलो झाले की ती मोठी गोळी गिळायची, म्हणून रोज जेवणानंतर सराव चालू आहे. आधी साखरेची एकच रंगीत बडीशेप, मग दोन चिकटलेल्या. परवा तिने साबुदाण्याचा भिजलेला दाणा न चावता गिळला आणि जीभ बाहेर काढून मला दाखवली.