बायपासनंतर न भरणारी पायाची जखम आणि पीआरएफ : काही महिन्यांनंतरचा अनुभव

बाबांची बायपास छान झाली, छातीची जखम वेळेत भरली. छळलं ते पायाने. हृदयाला जोडायला पायातली शीर काढतात, तिथले टाके काढल्यावर घोट्याच्या वर जखम उघडली ती मिटेचना. मधुमेह जुना, पायाला सूज. दांडिया बाजारातल्या शेजारपाजाऱ्यांनी हळदीपासून मधापर्यंत सगळं सुचवून झालं.

शेवटी प्लास्टिक सर्जननी पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे पेशंटच्याच रक्तातून तयार केलेला जेलीसारखा गोळा जखमेवर लावणं) करू म्हटलं, पण लगेच नाही. आधी पू तपासणीला, मग अँटिबायोटिक, मेलेला पिवळट थर खरवडून काढणं आणि पायाचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी. रक्तपुरवठाच नसेल तर वरून काहीही लावा, व्यर्थ.

प्रत्यक्ष काम बघण्यासारखं. हातातून रक्त घेतलं आणि सिस्टर जवळजवळ पळतच यंत्राकडे! यात रक्त न गोठण्याचं औषध घालत नाहीत. रेंगाळलं की नळीतच गोठतं. फिरवून काढलेल्या नळीत तळाला लाल, वर पिवळसर पाणी आणि मध्ये जेलीसारखा गोळा. डॉक्टरांनी तो चिमट्याने उचलला, खालचा लाल भाग कापला, दाबून चपटा केला आणि जखमेवर पसरला. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी त्यात अडकलेल्या असतात. जखम भरायला चालना देणारी द्रव्यं त्यातून काही दिवस हळूहळू झिरपतात. म्हणून आठवडाभर आतली पट्टी उघडायची नाही. आमच्याकडे सगळ्यात जड गेलं ते हेच. बाबांना रोज बघितल्याशिवाय चैन पडेना.

पहिल्या खेपेनंतर फारसा फरक दिसला नाही. पुढे तळ लालबुंद, दाणेदार झाला, कडा आत सरकू लागल्या. आता तिथे पातळ व्रण आहे, संध्याकाळी थोडी सूज येते.

पण सगळं श्रेय पीआरएफला देणार नाही. त्याच काळात इन्सुलिन नीट बसलं, सेव-उसळ सुटली, अंडी-पनीर वाढलं, पाय उशीवर राहिला. रक्तातल्या प्लेटलेटच्या उपचारांवरचा २०१६ चा कॉक्रेन आढावाही (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) मधुमेहींच्या पायाच्या जखमांना फायदा होऊ शकतो एवढंच म्हणतो, आणि पुरावा कमी दर्जाचा असल्याचंही. एका ठिकाणी तर हेच 'स्टेम सेल' म्हणून दामदुप्पट दराने सांगितलं होतं. स्टेम सेलचा इथे काही संबंध नाही, तिथून सरळ उठून आलो.

मेडिक्लेमने बायपासचे पैसे दिले, पीआरएफचे नाकारले. करणार असाल तर आधी लेखी विचारून घ्या, आणि एका खेपेचा नाही, सगळ्या खेपांचा खर्च विचारा.